लाल गाडीतली दुसरी जागा

लग्न होऊन मी आर्वीला आले तेव्हा सासरी दोन मोटारी होत्या. एक मामंजींची, काळी, उंच, कुठल्याशा गोऱ्या साहेबानं विलायतेला परतताना विकलेली. दुसरी आमच्या ह्यांनी मुंबईहून आणलेली, लाल, दोनच माणसांची. तिला सगळे शर्यतीची गाडी म्हणत.

काळी हँडल मारल्याशिवाय जागी होत नसे. निघतानाही म्हातारीसारखी खोकायची. पण तिच्यात सासूबाई, दोन नणंदा, मी, डबे, सुरई, सगळं मावे. चढावर ती अशी दमायची की बैलगाडीवाले शेजारून चालत तिची विचारपूस करत. लाल गाडी मात्र जमिनीला टेकलेली; सतरंजीवर पाय पसरून बसावं तसं तिच्यात बसायचं. सुरू झाली की गल्लीतल्या कोंबड्या छपरावर आणि गाडी गावाबाहेर.

खरं सांगते, मला त्या गाडीचं काडीचं कौतुक नव्हतं. मला तिच्यातली दुसरी जागा हवी होती. थोरल्यांच्या देखत सुनेनं नवऱ्याशेजारी बसायचं नाही, बोलायचं नाही, ही घरची रीत. बोलायचं ते रात्री, आणि रात्री ह्यांना झोप यायची. त्या गाडीतून दोघं गावाबाहेर पडलो की हे माझ्याशी बोलतील, असं माझ्या मनानं घेतलं होतं. बायकांनी भरलेल्या काळ्या गाडीत मी अगदी एकटी असे. खिडकीचा पडदा सरकवून ह्यांच्या गाडीची धूळ बघायची आणि सासूला मनातल्या मनात शिव्या घालायच्या, हा माझा प्रवास.

पौषात रोहण्याच्या शेतावर हुरडा खायला निघालो. मामंजी सकाळीच बैलांच्या दमणीतून पुढे गेले होते. सासूबाई काळ्या गाडीत चढता चढता थांबल्या.

"जाय वं, आज त्याच्यापाशी बस. तुये मामंजी त गेले पुढं. लोकायचं मी पाहून घेईन."

ज्यांना वर्षभर शिव्या घातल्या त्यांनीच हे म्हणावं! मी पदर खोचून जवळजवळ पळतच लाल गाडीपाशी गेले. शेजारच्या जागेवर ह्यांची टोपी होती. ती त्यांनी उचलली नाही.

"आईनं पाठवलं? काऊन? तिकडंच बस तू. मले एकट्यालेच बरं वाटते."

रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. पण पाहुणा चहा नको म्हणतो तितक्या साधेपणानं म्हणाले. म्हणजे रीत ह्यांना अडवत नव्हतीच, ती ह्यांच्या पथ्यावर पडली होती.

गाडी गेली. मी काळ्या गाडीकडे परत आले. सासूबाईंनी नणंदांना दटावून सरकवलं, मला शेजारी बसवलं आणि माझा हात धरला.

"तुये मामंजी बी असेच हायेत, बाई," त्या हळूच म्हणाल्या.

रोहणा येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. मला मात्र तो सोडवून घ्यावासा वाटत होता. मला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं.