सुमनची गोडंबी आणि माझं तोंड

गोडंबी बाजारात सहज मिळते. अगदी आमच्या शहाद्यातही मिळते, स्टँडजवळच्या कुठल्याही किराणा दुकानात. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकल्यावर प्रत्येक जण मला हेच सांगतो, आणि असं सांगतो की जणू मी परदेशातून आलोय!

आता गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर. बिबा काळा, कडक, आणि त्याच्या टरफलात असं तेल असतं की अंगाला लागलं तर कातडी फोडांनी भरून जाते. त्याला आपल्याकडे ‘बिबा उतला’ म्हणतात. आणि त्या जहाल टरफलाच्या आत निवांत बसलेला असतो पांढरा, गोडसर, बदामाला मागे सारणारा गर. (देवाने ही रचना का केली असावी, यावर मी नंतर बरेच दिवस डोळे मिटून विचार केला. डोळे उघडतच नव्हते.)

आमच्या घरात गोडंबी म्हणजे सुमन. माझी बायको. तिचे वडील अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात फॉरेस्ट गार्ड होते, ती तिथेच वाढली. दरवर्षी थंडीत ती चार दिवस भावाकडे जायची. “बिबे फोडायला जाते,” म्हणायची, आणि परत येताना पांढऱ्या फडक्यात बांधलेली गोडंबी आणायची. मग महिनाभर घराला वेगळाच वास. डिंकाच्या लाडवात गोडंबी, खिरीत गोडंबी, खोबऱ्याबरोबर वाटून रश्श्यात गोडंबी. मी एकदा म्हणालो, “मीही येतो फोडायला.” ती म्हणाली, “नको हो. तुम्हाला उतेल.” मी एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होतो, माझ्याशी कुणी इतक्या थोडक्यात बोलत नसे. पण मी गेलो नाही.

सुमनला जाऊन तीन वर्षं झाली. दोन थंड्या घरात गोडंबी आली नाही. तिचा पितळी डबा मी घासून पुसून तसाच फळीवर ठेवला होता. रिकामा डबा घासायला जास्त वेळ लागतो, हे मला या वयात कळलं.

तिसऱ्या थंडीत माझी लेक नीलू पहिल्या बाळंतपणाला घरी आली. मदतीला दोंडाईच्याहून माझी मोठी बहीण, आक्का, आली. आल्याआल्या तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि बाळंतिणीच्या लाडवांचं सामान लिहून दिलं. मी दुकानातून गोडंबी आणली. नीलूने एक दाणा तोंडात टाकला, थोडा वेळ चघळला आणि उरलेली पुडी माझ्या हातात परत दिली.

“खवट आहे का गं?”

“नाही. चांगली आहे.” मग खिडकीकडे बघत म्हणाली, “आईची नाहीये ना, अप्पा.”

झालं! पुढचं सगळं या एका वाक्याने झालं. नऊ महिन्यांची पोटुशी लेक काही मागते आणि बापाला ते देता येत नाही, ही गोष्ट मला रात्रीच्या जेवणापर्यंत सहन झाली. जेवताना मी जाहीर केलं, “उद्या अक्कलकुव्याच्या बाजारातून बिबे आणतो. मी स्वतः फोडणार.”

आक्काचा हात भाकरीवरच थांबला. “तू फोडशी? इकत लई ये ना! दुकानं काय बंद पडी गयात का?”

“आक्का, तिले ती चव चालत नही.”

“अरे, पन तुले येस का फोडता? तिकीट फाडानं काम नही शे हाई!”

“सुमन फोडे. त्यामा काय एवढं?”

नीलू हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग मला कोण थांबवणार होतं?

दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याच्या बाजारात एका डोंगरातल्या बाईच्या टोपलीत बिबे दिसले. शेजारच्या सुपात फोडलेली गोडंबी होती. ती म्हणाली, “ही घे ना, दादा. फोडलेली.”

“नको. मला अख्खे बिबे दे. घरी फोडायचे आहेत.”

“कोण फोडेल? बाई?”

“मी.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बिबे पिशवीत भरता भरता सांगू लागली, “हाताला तेल लाव. मग राख लाव. तोंडाला हात नको लावू. आणि बघ, भाजू नको. भाजलं तर...”

तेवढ्यात शहाद्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. तीस वर्षं मी लोकांना “चला, चला, आटपा” म्हणालोय. माझ्यावरच गाडी चुकायची वेळ आली असती तर खात्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती! मी पिशवी घेऊन पळालो. पळताना कानात एकच शब्द राहिला: भाजलं.

तेव्हा मी भाजले.

गच्चीवर चूल मांडली, लोखंडी कढईत सगळे बिबे ओतले आणि भाजायला लागलो. एक मात्र मी डोकं ठिकाणावर ठेवून केलं. नीलूला खालच्या मागच्या खोलीत बसवलं, दार लावून घेतलं आणि बजावलं, “काहीही झालं तरी वर यायचं नाही.” त्या दिवसभरात माझ्याकडून झालेलं शहाणपण एवढंच.

बिबे तडतडायला लागले. काळा, तेलकट धूर निघाला. मी धुराच्या बाजूलाच उभा होतो, कारण दुसऱ्या बाजूला ऊन होतं. शेजारच्या गच्चीवरून भटू अण्णांनी मान वर काढली. भटू अण्णा म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, कलप लावलेल्या मिशांचे.

“काय भाजी ऱ्हायना, भाऊ? वास भारी येस!”

“बिबे!”

“बिबे? कई देखा नही भाजतांना!” असं म्हणत ते मधली भिंत ओलांडून आले, कढईवर वाकले आणि ड्रॉइंग मास्तरच्या बारकाईने त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

मग फोडायला बसलो. हाताला तेल लावलं, राख लावली (बघा, एवढं मला आठवत होतं!), आणि बिबा दगडावर उभा धरून वरून दगड मारला. पहिल्या बिब्याचा भुगा झाला. दुसरा उडून पाण्याच्या टाकीमागे गेला. तिसऱ्यातून एक तुकडा निघाला, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मला इतका आनंद झाला की मी कपाळाचा घाम पुसला. हातानेच. मग डोळे चोळले, कारण धूर. मग मान खाजवली. मग टॉवेलला हात पुसले. मग आक्का वर आली, तीन तासांत निघालेली मूठभर गोडंबी बघून म्हणाली, “बस, एवढीच?” आणि त्याच टॉवेलने तिने तोंड पुसलं.

सकाळी मी आरशात पाहिलं तर आरशात कुणीच नव्हतं. म्हणजे डोळेच उघडत नव्हते. बोटाने एक पापणी उचलली तेव्हा समोर एक लाल भोपळा दिसला, आणि त्या भोपळ्याने माझा बनियन घातला होता. चाचपडत स्वयंपाकघरात गेलो.

“कोन रे तू? घरमा कसा घुसना?” आक्का ओरडली.

“आक्का, मी शे!”

“मी कोन?”

हा आवाज आक्काचाच, पण तोंड मात्र कुणा तिसऱ्याच बाईचं! मी म्हणालो, “आणि तू कोन शे?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आपापल्या एकेका फटीतून, आणि दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, “नीलू!”

नीलू ठीक होती. अगदी ठीक. ती दाराशी उभी राहून आम्हाला बघत होती, आणि मी तिला दर दोन मिनिटांनी विचारत होतो, “खाज येते का? कुठे लाल झालंय का? नीट बघ!” शेवटी ती म्हणाली, “अप्पा, तुम्ही विचारता म्हणून यायला लागलीय!” सुमन असती तर हे झालं नसतं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. सुमनने लेक माझ्यावर सोपवली, आणि मी घरात धुराचं विष केलं.

तेवढ्यात भटू अण्णा आले. वरचा ओठ एवढा सुजला होता की मिशा समोरच्या माणसाकडे बोट दाखवत होत्या.

“भाऊ, उद्या मन्हा सत्कार शे! फोटो शेत!”

आम्ही तिघे एकाच रिक्षात बसून डॉक्टरकडे गेलो. रिक्षावाल्याने मागे वळून एकदाच पाहिलं, नंतर वाटभर मीटरवरची नजर हलवली नाही. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, “आजोबा, मधमाश्यांचं पोळं का?” मी सांगायला तोंड उघडलं, पण ते पुरतं उघडलं नाही. माझ्या आयुष्यात मी बोलू शकलो नाही असा तो पहिलाच प्रसंग. सगळी हकिगत आक्काने सांगितली, आणि तिने काही वगळलं नाही.

घरी आलो तर नाशिकहून जावई आला होता. अंगणात रिक्षातून तीन भोपळे उतरताना बघून तो क्षणभर गोंधळला, मग पुढे होऊन त्याने वाकून नमस्कार केला. भटू अण्णांना! “अप्पा, काळजी करू नका,” तो म्हणाला. अण्णांनीही डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. दुरुस्ती केली नाही. (सत्काराच्या आदल्या दिवशी नमस्कार कोण सोडतो?)

आणि त्याच दुपारी नीलूच्या पोटात कळा सुरू झाल्या.

संध्याकाळी नात झाली. दवाखान्यात सिस्टरने मला दारातच अडवलं. “बाबा, या फोडांसकट आत नाही. बाळ आहे.” तिचं बरोबरच होतं. मी व्हरांड्यात उभा राहिलो. जावयाने खिडकीच्या काचेपाशी बाळ आणलं. मी बोटाने पापणी उचलली आणि नातीला पाहिलं. कपाळ सुमनचं होतं. हात पुढे करावासा वाटला आणि मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. नऊ दिवस मी तिला काचेतून आणि नंतर घरच्या दाराच्या चौकटीतून पाहिलं. तेवढ्या लांबून तिचा वास येत नव्हता.

आक्काला वाटलं, सुमनकडे बिब्यावर काहीतरी खास औषध असणार. तिने डोंगरातल्या माझ्या मेहुण्याला फोन लावला. “सुमनले बिबा उते तवय ती काय लावे?”

तिकडून मेहुणा म्हणाला, “ताईला कधी उतलाच नाही. ती कुठे फोडायची? फोडायची ती जातरीबाई.”

दोन दिवसांनी मेहुणा जातरीबाईला घेऊनच आला. सुमनच्या वयाची, काटक बाई. लहानपणीची तिची मैत्रीण, हे मला तेव्हा कळलं. हातात पांढऱ्या फडक्याचं गाठोडं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, जरा हसू दाबलं, आणि मग दाबलं नाही.

“भाजले?”

“भाजले,” मी म्हणालो.

“भाजत नाही. धुरानेच उततं. उन्हात वाळवतो आम्ही.”

“आणि सुमन? ती काय करायची चार दिवस?”

“बसायची. लांब, दहा हात. मी फोडायची, ती बोलायची. बिब्याला वर पिवळं बोंड असतं ना, काजूसारखं, त्याला आम्ही फूल म्हणतो, ते वाळलेलं खायची आणि हसायची. तुझ्या गाडीतल्या गोष्टी सांगायची.”

“माझ्या?”

“म्हणायची, माझा माणूस चांगला. पण त्याला पुरतं ऐकू येत नाही.”

“मला? माझे कान तर...”

“कान नाही,” जातरीबाई म्हणाली.

आतल्या खोलीतून नीलूचं हसणं ऐकू आलं, आणि मग “अप्पा, हसवू नका, टाके दुखतात!” आणि मग ती रडायला लागली. आक्काने त्याच दुपारी जातरीबाईच्या गाठोड्यातल्या गोडंबीचे लाडू वळले. नीलूने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी चौकटीत उभा होतो. उरलेली गोडंबी मी फळीवरच्या पितळी डब्यात ओतली.

यंदा थंडीत मी जातरीबाईच्या शेतावर गेलो. बांधावर बिब्याची चार झाडं आहेत. मी विचारलं, “ही कुणी लावली?” ती म्हणाली, “बिबा कोण लावतो? पाखरं टाकतात. आजोबाने शेत काढलं तेव्हा ही तोडली नाहीत, बापाने तोडली नाहीत, मी तोडत नाही. एवढीच शेती.” मग तिने पळसाच्या सावलीत एक दगड दाखवला. “ती इथे बसायची.”

मी त्या दगडावर बसलो. समोर डोंगर, खाली नदीचं वाळलेलं पात्र, आणि दगडावर दगडाचा एकसारखा टक् टक् आवाज. चाळीस वर्षांच्या संसारात सुमनने मला या जागेबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि तेव्हा माझी गाडी सुटत होती?

तिच्याऐवजी आपण बोलावं म्हणून मी सुरुवात केली. मोलगीचा घाट, ब्रेक फेल, कोंबडीचं अर्धं तिकीट, सगळं सांगितलं. जातरीबाई फोडत राहिली. संध्याकाळी तिने गोडंबी फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली.

“पुढच्या वर्षी मुलीला पाठव,” ती म्हणाली. “सुमन बरं बोलायची. तू नुसताच बोलतो.”

मी गाठोडं घेतलं, मान डोलावली, आणि एक शब्दही बोललो नाही. थेट फाट्यावरची गाडी येईपर्यंत! (पुढे अक्कलकुव्यापर्यंत कंडक्टरच्या शेजारची जागा मिळाली, त्याला माझा इलाज नव्हता.)