पूजेच्या वेळी आलेले मेसेज

मैत्रिणींनो, आज सकाळी सामरवरणीच्या लीलाकाकू गेल्या. आमच्या जुन्या शेजारीण. मला दहा वाजता त्यांच्या सुनेच्या फोनवरून कळलं.

त्यांच्याकडून आले, आंघोळ केली आणि बहिणीला कळवायला मेसेजचं अ‍ॅप उघडलं. उघडताच काकूंचेच तीन व्हॉइस मेसेज एकदम आले. वेळ सकाळी आठची.

पूजेत मी फोन घेत नाही, म्हणून काकू बोलून पाठवायच्या. त्यांचा मेसेज वाजला की मी जप आटोपता घ्यायची.

पहिला मेसेज, "अगं, छातीत दुखतंय. मुलगा-सून कंपनीत गेलेत. येतेस का?"

दुसरा, "बरं, तुझी पूजा होऊ दे. बसते मी."

रिक्षाने दहा मिनिटांचं अंतर.

माझा फोन तीन जीबी रॅमचा. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करावा, तशी मी पूजेआधी सगळी अ‍ॅप सरकवून बंद करते, मेमरी वाचावी म्हणून. मेसेज वाजले का नाहीत, ते आमच्या इमारतीखालच्या मोबाइलवाल्या भाईंना विचारलं. म्हणाले, "बेन, या फोनात सरकवलं की अ‍ॅप पूर्ण बंद होतं. मागे चालूच नाही तर मेसेज वाजणार कसा? तसंही तीन जीबीत फोन स्वतःच अ‍ॅप बंद करत राहतो. सहा जीबीवाला घ्या, निवांत राहाल."

सहावाला घेईनही.

तिसरा मेसेज चार सेकंदांचा आहे. फोन देवासमोर ठेवून मघापासून बसले आहे, अजून ऐकलेला नाही. तुम्ही ऐकला असता का?