इंदूकाकींनी मागितलेले दहा रुपये

गिऱ्हाईक समोर आलं की इंदूकाकी आधी त्याच्या घरच्यांची चौकशी करायच्या, मग सामान मशीनवर धरायच्या. सांगलीच्या त्या मोठ्या दुकानात माझा काउंटर त्यांच्या शेजारी होता. माझ्याकडे कुणी नसलं तरी लोक त्यांच्याच रांगेत थांबत. "बोलल्याबिगर बिल झाल्यागत वाटत न्हाई," काकी म्हणायच्या.

पूर ओसरल्यावर मालकांनी सांगितलं, प्रत्येक बिलामागे पूरग्रस्तांसाठी दहा रुपये मागायचे. मला संकोच वाटे. काकी मात्र सहज म्हणत, "दादा, आपलीच माणसं हाईत. घालू का दहा रुपये?" त्यांना कुणी नाही म्हणत नसे. दुकानाचं नाव झालं, विक्रीही वाढली.

एकदा त्यांच्याच गल्लीतली रंजना आली. तिचं घर पुरात पडलं होतं.

"काकी, एवढं गोळा केलंसा, दिलं कुणाला वो?"

काकी तडक मालकांकडे गेल्या. "योग्य ठिकाणी गेलेत. तुम्ही तुमचं काम बघा," एवढंच त्यांना ऐकायला मिळालं.

"मागताना तोंड माझं व्हतं," त्या मला म्हणाल्या. "मग लोकांनी मलाच इचारायचं न्हवं?"

त्यांनी मागणं बंद केलं. कुणी विचारलंच तर सांगत, "पैसं कुठं गेलं, मला ठावं न्हाई." मालकांनी त्यांना कामावरून काढलं. मग मालकांनी पैसे खाल्ल्याची बोलवा गावभर झाली, गिऱ्हाईक तुटलं आणि माझाही काउंटर बंद झाला.

शेवटचा पगार आणायला गेले, तेव्हा नदीकाठच्या एका गावच्या शाळेतल्या बाई मालकांचे आभार मानायला आल्या होत्या. पुरात गेलेलं छप्पर आणि बाकं त्याच पैशांतून झाली होती. नोकरांना हिशेब सांगणं मालकांना कमीपणाचं वाटलं होतं, इतकंच.

मी काकींना सांगितलं. त्या एसटीनं जाऊन शाळा बघून आल्या आणि दारोदार फिरू लागल्या. "पैसं पोचल्यात. डोळ्यानं बघून आले. दुकानात जावा." लोक त्यांना बसवून चहा देत, मान डोलवत. दुकानाकडे मात्र कुणी फिरकलं नाही.

त्या लेकाकडे लोणंदला कायमच्या निघाल्या, तेव्हा स्टँडवर मी सोबत होते.

"माझं इचारणं चुकलं का गं?"

"नाही, काकी."

"मग तुझं काम का गेलं?"

गाडी लागली. मी त्यांची पिशवी वर दिली.