मनात काही नसलेला माणूस

निर्मळ मनाने माणसे दुखावण्याची कला आमच्या बडेबाबूंइतकी साऱ्या नांदेड जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला साधली असेल, असे मला वाटत नाही. ते आमच्या कार्यालयाचे मुख्य लिपिक. नवे साहेब रुजू झाले, तेव्हा हार घालता घालता ते म्हणाले, "तुम्ही आलात अन् आधीचे साहेब किती चांगले होते ते आम्हाला कळलं." साहेबांचा चेहरा पडला. बडेबाबूंना वाटले, आपण दोन साहेबांचे एका वाक्यात कौतुक केले. एका सहकाऱ्याचा मुलगा चौथ्या खेपेस परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा पेढा तोंडात असतानाच त्यांनी त्याच्या चिकाटीची तुलना गोचिडाशी केली. माझा आवाज मुळातच बारीक. त्यामुळे माझे बोलणे ऐकायला डॉक्टरची नळी लागते, हे वाक्य मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून इतकी वर्षे ऐकले आहे की आता ते माझ्या नावाचाच भाग वाटते. कुणी रुसले की बडेबाबू छातीवर हात ठेवीत. "माझ्या मनात काही असंल तर गोदावरीत उडी टाकतो." गोदावरी हाकेच्या अंतरावर असूनही त्यांच्यावर तिथवर जाण्याची वेळ कधी आली नाही, कारण त्यांच्या मनात खरोखरच काही नसे. वर्षभराचा हा सारा मलबा ते संक्रांतीला एकदाच उपसत. डबा घेऊन टेबलाटेबलाशी जात, तिळगूळ देत, आणि "गोड बोला" असा उपदेश ज्याला दुखावले त्यालाच करीत. आम्ही हसत असू. त्या हसण्यात आज आपली पाळी टळली याचा आनंद किती होता, याचा विचार मी अलीकडे करू लागलो आहे.

दर जानेवारीत आमच्या आणि लातूरच्या कार्यालयाचा क्रिकेटचा सामना होतो, आणि त्याचे धावते वर्णन करण्याचा मान बडेबाबूंकडे असतो. यंदा सामना नांदेडला होता. आमचा यष्टिरक्षक म्हणजे भांडार सांभाळणारा एक अबोल, स्थूल गृहस्थ. त्याच्या मुलीची सोयरीक नुकतीच लातूरला जमली होती, आणि होणारे व्याही चार नातेवाइकांसह मंडपात बसले होते. चेंडू त्याच्या पायांमधून सीमेपार गेला. मैदानाच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून बडेबाबूंचा आवाज घुमला, "चेंडू गेला तर जाऊ द्या. लातूरचा जावई तर पकडला की न्हाई गड्यानं!"

आम्ही सवयीने हसलो. व्याही उठले आणि टोपी नीट करून गाडीकडे चालू लागले. त्यांना जाताना पाहून भांडारवाल्याने हातमोजे काढले, यष्ट्यांपाशी ठेवले, आणि तोही मैदानाबाहेर गेला. संध्याकाळी लातूरहून त्याला फोन आला. आमच्या मुलाला कुणी पकडले म्हणून नातलगांत चर्चा चालली आहे, तेव्हा साखरपुड्याचे नंतर बघू.

संक्रांतीच्या दिवशी बडेबाबू डबा घेऊन भांडारात गेले. भांडारवाल्याने तिळगूळ घेतला आणि कपाटावर ठेवून दिला. "बडेबाबू, पोरीनं दोन दिवस झाले ताटाला हात लावला न्हाई," एवढेच तो म्हणाला. तासाभरात बडेबाबू आणि सोबतीला मी असे आम्ही दोघे लातूरच्या एसटीत होतो. लोह्यापर्यंत बडेबाबू मला समजावीत होते की जावई चांगला मिळाला, एवढेच त्यांना म्हणायचे होते. अहमदपूरला त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

व्याह्यांनी आम्हाला बसवले, पाणी दिले. बडेबाबूंचा हात सवयीने छातीवर गेला. "माझ्या मनात—"

"तुमच्या मनात काय होतं ते तुम्हाला ठाव," व्याही शांतपणे म्हणाले. "मंडपातल्या लोकांना तुमचं मन दिसत न्हवतं. भोंगा ऐकू येत होता."

बडेबाबूंचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी सोबत आणलेला तिळगुळाचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मन राहू द्या. मी बोललो ते वाईटच होतं. मुलीकडची माणसं तशी न्हाईत." दुखावलेल्या माणसापुढे छातीवर हात न ठेवता त्यांनी उच्चारलेले हे पहिलेच वाक्य मी ऐकले. व्याह्यांनी आत हाक मारून चहा ठेवायला सांगितले.

लग्न वैशाखात नांदेडलाच झाले. आलेल्यांचे स्वागत करायला भांडारवाल्याने ध्वनिक्षेपक आपण होऊन बडेबाबूंच्या हाती दिला. व्याह्यांची मंडळी मांडवात शिरत होती. सगळे कार्यालय कान टवकारून उभे होते. बडेबाबूंनी ध्वनिक्षेपक ओठांशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

"बोला की बडेबाबू," भांडारवाला म्हणाला.

"थांब गड्या, विचार करून राहिलो."

मंडळी बसली, पंगती उठल्या, तरी त्यांचा विचार संपला नाही. ते गप्प बसावेत म्हणून मी किती वर्षे मनातल्या मनात नवस बोललो होतो. त्या दिवशी मात्र त्यांच्या शेजारी उभा राहून, माझ्या आवाजाबद्दल तरी ते काही बोलतील म्हणून मी उगाचच दोनदा खाकरलो.