नारळावर आमचेच हात

तिचं नाव मी घेणार नाही. घेतलं की दिवसभर तोंड कडू राहतं.

आम्ही दोघी एकाच वर्षी सुना होऊन या वाडीत आलो. ती आरोंद्याची, खाडीकाठची. मी कट्ट्याच्या बाजूची, भातशेतीवाल्यांची. बांगडा फोडून त्यात मीठ कसं भरायचं तेही मला ठाऊक नव्हतं. ते मला तिने शिकवलं, आणि सासूच्या देखत हसली नाही. तिच्या बाळंतपणात मी राबले, माझ्या बाळंतपणात ती. आता सांगा, अशा बाईवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

आमच्या वाडीच्या बायकांचं सगळं पोट एका जागेवर आहे. सुरूच्या झाडांच्या अलीकडे किनाऱ्यावर जो मोकळा सपाट तुकडा आहे, ते आमचं खळं, तिथे आम्ही मासळी सुकवतो. जवळा, बांगडे, सुंगटं. जागा सरकारी, कागद कोणाकडेच नाही. एका हॉटेलवाल्याला तीच जागा हवी होती, पर्यटकांच्या गाड्या लावायला. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. आणि नेमकी त्याच वेळी निवडणूक आली, सरपंचपद बाईसाठी राखीव. म्हणजे सरपंच आमची असेल तर खळं राहणार, नसेल तर गेलंच म्हणून समजा.

मतं फुटू नयेत म्हणून वाडीतून एकच नाव पुढे करायचं, असं ठरलं. बसलो देवळाच्या मांडवात. इच्छुक दोघी. एक ही माझी मैत्रीण. दुसरी मुंबईहून परत आलेली तरुण सून, शिकलेली, पण जिभेला हाड नाही. नळावर भांडायची, बसमध्ये भांडायची. एकदा ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन साहेबांशी भांडली आणि खळं मोजायला सरकारी माणूस घेऊन आली, हेही खरं. पण तिच्याविषयी बोलताना सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

"ही उद्या पंचायतीत पण सगळ्यांशी भांडतली," एक म्हातारी म्हणाली. "कामा कोण करतलो मगे?"

मी उठले. मीच उठले. म्हटलं, "सरपंच व्हयी ती चार माणसांक घेवन चलणारी. ही माझी मैत्रीण आसा म्हणान सांगणंय नाय. तिका मी आतल्यान बाहेरसून ओळखतंय."

तरुण सून माझ्याकडे बघत म्हणाली, "काकी, खळ्याबद्दल ती काय करणार ते तिला विचारलंत का?" मला इतका राग आला! म्हटलं, "तिका इचारूक कित्याक व्हया? तीच खळ्यार माझ्या बाजूक बांगडे सुकत घालता." सगळ्या हसल्या. माझी मैत्रीण खाली मान घालून पदराशी चाळा करत होती. मला वाटलं, लाजली.

मग तीच म्हणाली, "नारळ ठेवया. म्हणजे मागसून कोणाचा मन इकडे-तिकडे जावचा नाय."

आमच्याकडे नारळ ठेवणं म्हणजे खेळ नव्हे. मानकऱ्यांनी देवापुढे नारळ ठेवला, आम्ही एकेकीने त्यावर हात ठेवला, आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ही वाडी आज तुझ्या पायाकडे इली हा. ह्या लेकीक एकमुखान मता देवची, आसा सगळ्यांनी ठरवला हा. जो कोण फुटात, तेका तू बघून घे!" आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" तरुण सुनेनेही हात ठेवला, आणि अर्ज भरणार नाही म्हणाली. समोरच्या वाडीची एक बाई निवडणुकीला उभी राहिली होती, पण आमची वाडी एक झाल्यावर तिचं काही चालणार नव्हतं.

एक गोष्ट आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आली नाही. आम्ही सगळ्या बांधल्या गेलो. उमेदवाराला कोणी बांधलंच नाही. तिचा हात नारळावर नव्हताच, ती बाजूला हात जोडून उभी होती. आमची पद्धतच तशी, मतं देणाऱ्यांनी शबूद द्यायचा. शतमूर्ख आम्ही!

अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि मी सुकी मासळी घेऊन कट्ट्याच्या बाजारात बसले होते. तोच हॉटेलवाला समोर आला. जवळा घेतला, वास घेऊन बघितला, आणि हसत म्हणाला, "मावशी, आता बांगडे घराच्या पत्र्यावर सुकवायची सवय करा. तुमच्या बाईंनी कधीच होकार दिलाय." मी त्याला नाही नाही ते बोलले. टोपली उचलली आणि मिळेल त्या गाडीने तिच्या दारात गेले. मला वाटलं, तीही त्याला शिव्या घालेल, मग दोघी चहा पिऊ.

तिने शिव्या घातल्या नाहीत. मुलाचा विषय काढून म्हणाली, "माझ्या झिलाक हॉटेलवाले तेंच्या बोटीर कामाक लावतले. तेका नोकरी नाय, तुका ठावक आसा. माझा घर मी बघूक नको?"

"मगे आदी सांगूक काय झाला तुका?"

"सांगितलंय असतंय तर तू नारळार हात ठेवलंस असतंस?"

असं म्हणाली. माझ्या तोंडावर, माझ्या डोळ्यांत बघून. म्हणजे नारळ तिने कोणासाठी ठेवायला लावला होता? माझ्यासाठी. मी शबूद मोडणारी नव्हे, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? जन्मभराची ओळख तिने अशी वापरली, माझ्याच गळ्यात दावं बांधायला.

मी मानकऱ्यांकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकलं, सुपारी कातरली. मग म्हणाले, "जिच्यासाठी शबूद दिलो, तिनाच देवाकडे येवन सोडवक व्हयो. दुसरो उपाय नाय."

परत तिच्याकडे गेले. या वेळी भांडले नाही, हात धरला तिचा. म्हटलं, तू तुझं बघ, पण आम्हाला मोकळं कर. एवढंच कर.

"देवाक दिलेलो शबूद गो तो," ती म्हणाली. "मी कोण सोडवणारी?"

बायका माझ्या ओट्यावर जमल्या. शिव्याशाप झाले, रडून झालं. तरुण सून भिंतीला टेकून उभी होती. "मी सांगितलं होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही, म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. सगळ्यांचे पुरुष दर्यात जाणारे. माझा नवरा होडीवर, मुलगाही त्याच्यासोबत. देवाशी खोटं वागून त्यांना कसं पाठवायचं? कोणीच म्हणालं नाही की मोडूया. मीही म्हणाले नाही.

मतदानाला गेले. मशीनसमोर उभी राहिले. तिचंच बटण दाबलं. दाबताना तिला अशी शिवी दिली की ती इथे लिहिता येत नाही.

ती निवडून आली. मिरवणूक वाडीत शिरली, ढोल, फटाके, आणि ती थेट माझ्या दारात. गुलालाने माखलेली. खळ्यावरच्या सगळ्या बायका आपापल्या दारांतून बघत होत्या. तिने माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि मला मिठी मारली. रडत होती. खोटं नव्हतं ते रडणं, मी ओळखते.

"तुझ्यामुळाच निवडान इलंय गो मी," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. "ताच माका गिळूक जमणा नाय."