शीड नसलेली होडी

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ओहोटी लागल्यावर, माझी मुलगी कोचीच्या धक्क्यावरून एका जोडीदारणीसोबत होडीत बसून लक्षद्वीपकडे निघाली. समुद्रातली शर्यत होती. होड्या पाच होत्या. काळ नव्वदच्या दशकाच्या मध्याचा. होडीला शीड नाही आणि इंजिनही नाही, हे मला त्याच सकाळी कळलं.

मी तेव्हा जळगावात एका दैनिकात उपसंपादक होतो. मुलगी मुंबईत शिकत होती आणि तिथल्या एका क्लबाच्या बोटींवर जात होती. निवड झाल्याचं तिने शेजाऱ्यांच्या फोनवर कळवलं. एसटीडीचे आकडे पळत असतात, म्हणून ती नेहमी तार केल्यासारखी बोलायची. नौकानयनाच्या शर्यतीत घेतलं आहे, कोची ते लक्षद्वीप, तुम्ही या; एवढंच. माझी भावंडं मला भाऊ म्हणत. ते ऐकून घरातली सगळी मुलं मला भाऊच म्हणतात, तीही.

नौकानयन हा शब्द मी बातम्यांच्या टेबलावर कितीदा तरी लिहिला होता. वृत्तसंस्थेच्या बातमीत बोट शिडाची असो की वल्ह्यांची, आम्ही नौकानयन लिहून पुढे जायचो. मराठीत दोन्हीला तो एकच शब्द चालतो. खान्देशातल्या वाचकाने त्यातला फरक कधी विचारला नव्हता. मुलीच्या तोंडून तो ऐकला तेव्हा माझ्यासमोर पांढरी शिडं, लाकडी डेक आणि चाक धरून उभा असलेला कप्तान आला. घरी मी तसंच सांगितलं. आतल्या पानावर चार ओळींची बातमीही गेली.

ती वाचून धुळ्याहून माझा मेहुणा आला. जहाज एवढं मोठं आहे तर मागच्या बाजूला आम्हा दोन-चार जणांना बसवून घेतील का, असं त्याने विचारलं. लक्षद्वीप बघायचं भाडं तरी वाचेल, म्हणाला. बायकोने एकच विचारलं, चालवणार कोण. मी सांगितलं, कप्तान असतो.

बायकोचं माहेर धुळ्याजवळच्या खेड्यातलं. बाहेर ती शहरी मराठी बोलते, घरात अहिराणी. माझी आई अंथरुणाला खिळलेली होती, त्यामुळे बायकोला येता येणार नव्हतं. तिने शेव, मेथीचे लाडू आणि जहाजावर वारा लागेल म्हणून एक जाड स्वेटर बांधून दिला. मुक्ताईचा प्रसाद पुडीत वेगळा ठेवला. मी निघालो तेव्हा दारात म्हणाली, "डोयाघाई दखा. बरं नही वाटनं ते पोरले लई या." डोळ्यांनी बघा, बरं वाटलं नाही तर पोरीला घेऊन या, असं.

भुसावळहून गाड्या बदलत मी कोचीला पोचलो. गाडी बरीच उशिरा पोचली. स्टेशनवरून तसाच धक्क्यावर गेलो. धक्क्याला एक जुनी मालवाहू बोट लागलेली होती, तिच्यापलीकडे मासेमारीच्या बोटी. मी शिडाची डोलकाठी शोधत होतो. मुलगी धावत आली, पाया पडली. तिचं जहाज कुठे आहे, ते मी विचारलं. तिने खाली बोट दाखवलं.

पायऱ्यांच्या तळाशी पाच लहान होड्या एकमेकींना घासत डुलत होत्या. तिची होडी, बाजूला तीनचा आकडा रंगवलेली, आमच्या स्वयंपाकघराएवढी लांब असेल. रुंदीला बैलगाडी जास्त भरली असती. दोन्ही टोकांना झाकणाची पेटी, त्यातल्या एकीत आळीपाळीने झोपायचं. मध्ये दोन सरकत्या बैठका.

"शीड?"

"शीड नाही, भाऊ. वल्हवायचं."

"इंजिन तरी असेल."

"इंजिन लावलं तर शर्यतीतून काढतील."

"तू नौकानयन म्हणाली होतीस."

"मग हे काय आहे?"

मी पायरीवर बसलो. तिने तळहात पुढे केले. बोटांच्या मुळाशी पिवळे, कडक घट्टे होते. दिवाळीत तिच्या आईने ते पाहिले होते आणि वसतिगृहात धुणं हातानेच धुवावं लागतं का, असं विचारलं होतं. तेव्हा मुलगी हो म्हणाली होती.

तिची जोडीदारीण कोचीचीच, कोळ्यांच्या घरातली. ती होडीत बसून पाण्याचे डबे दोरीने आवळत होती. आयोजकांपैकी एका निवृत्त अधिकाऱ्याला मी गाठलं आणि वार्ताहर विचारतो तसं विचारत गेलो. होडी उलटली तर? ती आपोआप सरळ होते, असं त्यांनी सांगितलं. दोघी तिच्या बाहेर पडल्या तर? कमरेला दोरी असते. सोबत जाणारी मदतीची बोट किती जवळ राहील? होड्या पांगतात, त्यामुळे प्रत्येकीच्या जवळ राहता येत नाही, असं उत्तर मिळालं.  ओहोटी लागली की सोडणार आहोत, असं सांगून ते गेले.

रस्त्यापलीकडे एसटीडीचं दुकान होतं. तिथून मी फोन लावला, शेजाऱ्यांनी बायकोला बोलावून आणलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. 

"तुमीन जहाज सांगं व्हतं," ती म्हणाली.

मी म्हणालो की दोन्हीला शब्द एकच आहे.

"शब्द एकच शे. मंग पानी बी एकच शे का?"

तिला घेऊन येऊ का, असं मी विचारलं. तिने मुलीला फोनवर बोलवायला सांगितलं. मी दुकानाबाहेर येऊन हाक मारली. मुलीने रिसीव्हर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली. हो म्हणाली, पुन्हा हो म्हणाली. मग हसली.

"तूच मला मामाच्या विहिरीत ढकललं होतंस ना? भोपळा बांधून? तो सुटला तेव्हा वरून 'हात मार, हात मार' ओरडली होतीस ते आठव."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मुलीचं हसू थांबलं. रिसीव्हर माझ्या हातात देऊन ती रस्ता ओलांडून गेली.  पोरीला जाऊ द्या, बायको म्हणाली, आणि दिसते तोवर तिथून हलू नका. मी हो म्हटलं. फोन तिनेच ठेवला.

स्वेटर मुलीने घेतला नाही, वजन होतं. लाडू घेतले. प्रसाद तिने तिथेच खाल्ला आणि अर्धा जोडीदारणीला दिला.

शिटी झाल्यावर होड्या सुटल्या. वल्हवणारा पाठीच्या दिशेने जातो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. दोघींची पाठ समुद्राकडे होती आणि तोंडं धक्क्याकडे. मुलगी मला पाहत दूर जात होती. हात वल्ह्यांवर असल्यामुळे तिला तो हलवता येत नव्हता. मी हलवला. बंदराच्या तोंडाशी लाटा उंच होत्या. तिथे होडी खाली जायची, दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा वर यायची. एकदा ती वर यायला उशीर झाला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने माझा दंड धरला, तेव्हा मी पायऱ्यांच्या शेवटच्या दगडावर, पाण्यात उभा असल्याचं लक्षात आलं. होडी वर आली. नंतर पाचही होड्यांचे ठिपके झाले, आणि त्यातला तिचा कोणता ते ओळखता येईना.

मी तिथेच थांबलो. संध्याकाळी आयोजकांच्या बिनतारी यंत्रावर सोबतच्या बोटीचा निरोप आला. अंधार पडण्याआधी तीन आकड्याची होडी दिसली होती. होडीचं तोंड पश्चिमेला होतं आणि दोघी वल्हवत होत्या.