गेमिंगचा कॉम्प्युटर घेतला, हेडफोन मात्र परत दिला

मंडळी, आळेफाट्याला आपलं कॉम्प्युटरचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आज दुपारी आलेलं गिऱ्हाईक काही डोक्यातून जाईना.

मळ्यात राहणारी एक बाई आणि तिची नववीतली मुलगी. मुलीला गेम खेळायला आणि तो लाइव्ह दाखवायला कॉम्प्युटर हवा होता, जमेल तितका स्वस्तात. मी सवयीनं बोलून गेलो, "ताई, कशाला एवढा खर्च? पोरीला ग्राउंडवर पाठवा की."

"खो-खोच खेळत व्हती, भाऊ. ग्राउंडला लागून ऊस हाय. शेजारची चिमुरडी बिबट्यानं नेली, तवापासून दिवस कलला की आमची दारं बंद."

मी पार्ट काढायला लागलो. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं, पण चांगलं. लाइटवाली कॅबिनेट नको. पॉवर सप्लाय मात्र भारीतला घातला, कारण मळ्यातलं व्होल्टेज कसं नाचतं ते आपल्याला ठाऊक आहे.

मुलगी म्हणाली, "काका, आमच्या खो-खोच्या टीममधल्या सगळ्या पोरी आता अशाच गेममध्ये भेटणार."

शेवटी मी हेडफोन ठेवला. आईनं तो उचलून बाजूला सारला.

"ह्यो नको. घरामागं कुत्रं भुंकलं तर तिला ऐकू आलं पाहिजे."

इतकी वर्षं पार्ट विकतोय, असं कारण कुणी दिलं नव्हतं. छोटे स्पीकर दिले आणि पोरीला म्हणालो, आवाज कमी ठेव.

खरं सांगा राव, दिवस मावळल्यावर तुमच्या गावच्या ग्राउंडवर कोण असतं?